पाकिटावर भंडारा

"आधी तू उचल," मालक म्हणाले.

"मी का म्हणून? शब्द फिरवायची खोड कुणाची हाय ते समद्या लेस्टरला ठावं हाय."

"बरं बाई, दोघं मिळून उचलू. डॉक्टर, तुम्ही साक्षीला. नीट बघा हां."

डॉक्टर सबनीस अर्ध्या जेवणावरून उठून आले होते. उजवा हात आमटीने माखलेला, तो हवेत धरून आणि डाव्याने चष्मा सावरत ते आमच्या देव्हाऱ्यापुढे उभे राहिले. देव्हारा म्हणजे भोजनालयाच्या मागच्या खोलीतली एक फळी. तिच्यावर पालीच्या खंडोबाचा टाक, वाटीत भंडारा आणि बेलाचं एक सुकं पान, कारण ओलं पान इंग्लंडातल्या या लेस्टरात मिळत नाही. त्यापुढे दोन पाकिटं ठेवलेली, एक मालकांच्या नावाचं आणि एक माझ्या. दोन्ही बंद होती.

आम्ही दोघांनी बेलभंडार उचलला. "हे पाकीट फोडणार न्हाई, मत देणार न्हाई," असं आधी ते बोलले, मग मी बोलले. मी चिमूटभर भंडारा दोन्ही पाकिटांवर टाकला आणि हात जोडले.

"झालं? आता मी ताक पिऊ का?" डॉक्टरांनी विचारलं.

ही २०१६ सालच्या मे महिन्याच्या अखेरची गोष्ट. युरोपातल्या देशांचा जो व्यापाराचा संघ आहे, त्यात इंग्लंडने राहायचं की बाहेर पडायचं, असा प्रश्न सरकारने घरोघरी विचारला होता. आम्ही दोघं नवराबायको पस्तीस वर्षांपूर्वी कराडहून इथे आलेलो, इथलेच नागरिक झालेलो, त्यामुळे आम्हालाही मत होतं. इथे मतदान गुरुवारी असतं, आणि गुरुवार हा आमच्या भोजनालयात पुरणपोळीचा वार. त्या दिवशी शटरबाहेर पाय टाकायला सवड नसते, म्हणून आमच्या मतपत्रिका कैक वर्षं पोस्टाने घरी येत. आतापर्यंत आम्ही त्या शेजारी शेजारी बसून भरायचो. मालक विचारायचे, "कुठं फुली मारू?" आणि मी सांगायचे. संसार असाच चालतो.

या वेळी मात्र त्यांनी विचारलंच नाही.

झालं असं होतं, की मालकांचा किसन नावाचा एक जिवलग. तरुणपणी दोघांनी कराडच्या एका खानावळीत एकाच परातीत कणीक मळली होती. म्हातारपणी त्याला इथे स्वयंपाकी म्हणून आणायचा शब्द मालकांनी दिला होता. त्याचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. दुसऱ्या खेपेला किसनने फोनवर एवढंच विचारलं, "मी काय चोरबिर वाटलो का रं त्यास्नी?" त्या दिवसापासून मालकांचं डोकं फिरलं. तेवढ्यात कुणीतरी दारातून पत्रक टाकून गेलं, की युरोपातून बाहेर पडलो की आपल्याकडच्या स्वयंपाक्यांना दारं उघडतील. मालकांनी ते पत्रक गल्ल्याच्या मागे चिकटवलं.

"युरोपवाले बिनकागदाचे येत्यात, आन् आमच्या किसनला शंभर कागद," ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. "मी 'सोडा'वाला."

आणि मी 'राहा'वाली. त्याचं कारण पोळपाटापाशी उभं असायचं, पाच फूट आठ इंच, डोक्याला रुमाल बांधून. तिचं नाव मिरेला.

मिरेला रुमानियाची, म्हणजे त्याच संघातल्या एका देशाची. अडीच वर्षांपूर्वी भांडी घासायला म्हणून आली. तिच्या आठवड्याभर आधीच डॉक्टर सबनीसांनी माझ्या बोटांना संधिवाताचं नाव दिलं होतं, पण मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. कणीक मळताना माझे डोळे भरून यायचे ते कांद्याने, असं मी म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मिरेलाने परात माझ्यापुढून ओढून घेतली आणि मळायला लागली. तिच्या आईचीही बोटं अशीच वाकडी झाली होती, हे तिने मला खाणाखुणांनी सांगितलं. सहा महिन्यांत ती माझ्याहून पातळ पुरणपोळी लाटायला लागली, आणि वर्षभरात मराठी बोलायला. मराठी म्हणजे आमची मराठी, कराडकडची. डॉक्टर सबनीस पुण्याचे, त्यांना ती पहिल्यांदा "आजून एक पोळी वाढू का वं?" म्हणाली तेव्हा त्यांना ठसका लागला.

तिचा नवरा कॉस्टेल ट्रक चालवायचा. देश बाहेर पडला तर आपण परत जायचं, जिथे आपण नकोसे आहोत तिथे राहायचं नाही, असं त्याने तिला बजावून ठेवलं होतं. ती गेली असती तर मला पोळपाटासाठी दुसरं माणूस मिळालंही असतं. पण मला ती हवी होती. पोटच्या पोरी नसलेल्या बाईला कुणी अशी परात ओढून घेतली, की तिचं काय होतं ते मी कोणत्या सरकारला सांगणार?

तर मे महिनाभर आमच्याकडे महाभारत चाललं. मी मालकांच्या ताटात भाकरी ठेवायचे ती टाकल्यासारखी. ते मला ऐकू जाईल अशा बेताने किसनला फोन करायचे. गिऱ्हाइकांतही दोन पंगती पडल्या. शेवटी डॉक्टर सबनीस वैतागून म्हणाले, "अहो, तुमचं एक मत इकडे, यांचं एक तिकडे. वजाबाकी शून्य. दोघांनीही देऊ नका आणि आम्हाला सुखाने जेवू द्या."

हे आम्हाला पटलं. दोघांनाही एकमेकांचा भरवसा नव्हता, म्हणून मध्ये खंडोबाला घेतला.

शपथ घेतल्यावर चार दिवस घरात शांतता होती. एक जूनला मालकांच्या नावाने शुभेच्छांची कार्डं आली, एक दातांच्या दवाखान्याचं, एक बँकेचं. मालकांनी ती दरवर्षीप्रमाणे न वाचता टोपलीत टाकली. त्यांचा कागदावरचा वाढदिवस एक जून. आमच्याकडे त्या काळी गुरुजी पोराला शाळेत घेताना डोळे मिटून एक जून लिहायचे, म्हणून माझ्या माहेरची निम्मी गल्ली एक जूनला जन्मली आहे. खरे मालक जन्मले नरकचतुर्दशीला पहाटे. साठी झाली तेव्हा त्यांनी पंचांगवाल्याकडून इंग्रजी तारीख काढून घेतली, एकवीस ऑक्टोबर, आणि तेव्हापासून तोच वाढदिवस धरला. मिरेला त्या दिवशी त्यांच्यासाठी अक्रोडाची वळकटी, तिच्याकडचा गुंडाळलेला केक, भाजायची. कागदावरच्या तारखेचा घरात कुणी उच्चारही करत नसे. सरकारी कागद मात्र सगळे मी भरायचे, आणि तिथे न चुकता एक जून लिहायचे.

पाचव्या दिवशी मी फळी पुसायला गेले, तर तिथे एकच पाकीट. माझं.

मी ओरडले नाही. माणूस चाळीस वर्षं जवळ असला की त्याचे लपवायचे कोनाडे पाठ होतात. पाकीट त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात निघालं. आतलं, मतपत्रिकेचं छोटं पाकीट डिंकाने बंद केलेलं होतं. बाहेरचं मोठं पाकीट उघडं होतं, आणि त्यात तो कागद होता ज्यावर सही करायची आणि जन्मतारीख लिहायची. तारीख आणि सही निवडणूक कचेरीतल्या नोंदीशी जुळली तरच छोटं पाकीट उघडतात आणि मत मोजतात.

सही मालकांची होती, नेहमीसारखी कोंबडी नाचल्यागत. आणि चौकोनात लिहिलं होतं, एकवीस, दहा.

मला आधी संताप आला. देवापुढे शपथ घेऊन माणूस पाकीट फोडतो? मग तारखेवर नजर गेली, आणि सांगायला लाज वाटते, पण मला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबून हसले. मला विचारायची सोय नव्हती म्हणून स्वतः भरायला गेले आणि स्वतःच्याच हाताने मताला माती दिली. आता हे मत कोणी मोजणार नव्हतं. मला बोट उचलायची गरज नव्हती, माझं पाकीट फोडायची गरज नव्हती. शपथ माझी शाबूत, मत त्यांचं बाद. खंडोबाने परस्पर न्याय केला होता.

मी कागद होता तसा घातला, कोट होता तसा टांगला. दुपारी मालक म्हणाले, "जरा कोथिंबीर घिऊन येतो."

"कोट घाला," मी म्हटलं. "गार हाय भाईर."

चांगलं ऊन पडलं होतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोट घातला. मी खिडकीतून पाहत होते. कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी ते थांबले, इकडे तिकडे पाहिलं आणि पाकीट टाकलं. परत आले ते कोथिंबीर न घेताच. मी त्यांना त्याबद्दल विचारलं नाही, उलट रात्री जेवताना लोणकढं तूप जास्त वाढलं. जिंकणाऱ्याने मन मोठं ठेवावं.

मत दिलं नाही म्हणून मिरेलाचं नुकसान होईल, असं मला वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. त्यांचं एक मत बाद, माझं एक कोरं, डॉक्टर म्हणाले तसं शून्य. आणि इतका मोठा देश, तो काय आमच्या एका मतावर चालणार होता?

चोवीस जूनला सकाळी उठलो तर देश बाहेर पडलेला होता.

मिरेला वेळेवर आली. बसमध्ये एका माणसाने तिला "आता बॅगा भरा" म्हणून सांगितलं होतं. ते तिने मला सांगितलं ते कणीक मळता मळता, परातीकडे पाहत. मी धुसफुसत बाहेर आले. मालक गल्ल्यावर बसले होते आणि त्यांनी ते पत्रक काढून टाकलं होतं.

"झालं न्हवं तुमच्या मनासारखं?" मी म्हटलं. "आता बोलवा किसनला. त्यालाच लाटायला लावा पोळ्या."

मी पुढचे तीन आठवडे त्यांच्याशी मिठापुरतं बोलले. आश्चर्य म्हणजे त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मिरेला त्यांच्याशी पूर्वीपेक्षा जास्त मायेने वागायची, त्यांच्या ताटात स्वतः वाढायची, आणि ते पाहून माझा जळफळाट व्हायचा. मला वाटायचं, भोळी आहे बिचारी, हिला काय ठाऊक या माणसाने काय केलंय.

जुलैच्या मध्याला, एका गुरुवारी सकाळी, निवडणूक कचेरीचं पत्र आलं. मालकांच्या नावाचं. स्वयंपाकघरात मालक डाळ निवडत होते, मिरेला पुरण वाटत होती. पत्रात काय असणार हे मला उघडण्याआधीच कळलं. मी खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला आणि चवीने वाचायला लागले.

"तुमचं पोस्टाचं मत मोजता आलं नाही. कारण, तुम्ही लिहिलेली जन्मतारीख आमच्याकडच्या नोंदीशी जुळत नाही." मी चष्म्यावरून पाहिलं. "कुठलं मत वं, मालक? आपण तर भंडारा उचलला हुता."

मालकांनी मान वर केली. मला वाटलं होतं ते ओशाळतील, नाहीतर चिडतील. पण त्यांचा चेहरा असा झाला की मी वाचायची थांबले.

"मोजलंच न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. खंडोबा हाय वर. त्याला समदं दिसतं."

"तुझ्या खंडोबाला घंटा कळत न्हाई," ते म्हणाले, आणि डाळीचं ताट बाजूला सारून बाहेर निघून गेले.

पुरणयंत्राचा आवाज थांबला होता. मिरेला दोन्ही हात पुरणात तसेच ठेवून उभी होती.

"मावशी, तारीख चुकली?"

"चुकली म्हंजे काय, पार चुकली. एक जून लिवायचं तिथं..."

"एकवीस ऑक्टोबर मी लिवलं," ती म्हणाली. "मला तीच म्हायती. मी केक करते त्या दिवशी."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं, थांबून थांबून, शब्द शोधत.

मालक एका दुपारी पाकीट घेऊन कोठीच्या खोलीत तिच्याकडे आले होते. बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं, आणि मला विचारायची सोय नव्हती. त्यांनी तिला वाचायला सांगितलं. कुणाविरुद्ध काय वाचायला सांगतो आहोत, याचा त्यांना बहुतेक विचारच नव्हता. तिने प्रश्न वाचला, राहायचं की सोडायचं. त्यांनी पेन उघडलं आणि सहज विचारलं, "तू कुठं मारणार गं फुली?"

"मला न्हाई मत, तात्या," ती म्हणाली. "आम्ही युरोपवाले. आम्हाला न्हाई विचारत."

हे मालकांना ठाऊकच नव्हतं. ज्यांच्या राहण्याजाण्याचा प्रश्न, त्यांनाच विचारलेलं नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते पिंपावर बसले आणि बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले.

"मग म्हणाले, किसनला मी सांगंन," मिरेला म्हणाली. "मला म्हणाले, 'हे घे. हे मत तुझं. तू बोट दाव, मी फुली मारतो.' मी बोट दावलं."

"कुठं?" मी विचारलं. वेडीच मी. दुसरं कुठे दाखवणार होती ती?

"राहा," ती म्हणाली. मग तिचा बांध फुटला. "मी कॉस्टेलला सांगितलं, मला पण एक मत हुतं. हरलं तर हरलं, पण हुतं. म्हणून त्यो राहू म्हणाला. आन् मीच चुकीची तारीख लिवली, मावशी. तात्यांनी देवाची शपथ मोडली माझ्यापायी, आन् मी वाया घालवलं."

ती मनगटाने डोळे पुसत होती आणि गालाला पुरण लागत होतं. माझ्या समोर दोन वाटा होत्या. एक अगदी सोपी. 'असू दे गं, चुकतं माणूस' म्हणायचं, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि जन्मभर थोर मनाची मावशी म्हणून मिरवायचं. ती वाट मला फार आवडली, हेही सांगून टाकते. मी तोंड उघडलंही होतं.

पण ती स्वतःला दोष देत होती, आणि ते मला बघवेना.

"तुझी चूक न्हाई," मी म्हटलं. "मी बघितलं हुतं."

"काय?"

"पाकीट. त्यांच्या कोटात. तारीख बघितली. मला म्हायती हुतं की बाद हुणार. दोन मिनिटांचं काम हुतं, खोडून एक जून लिवायला सांगायचं. मला वाटलं, त्यांनी सोडा म्हणूनच मारलीय फुली. मी गप बसले. वर त्यांना कोट घालून पाठवलं."

मालक दारात उभे होते. कधी आले ठाऊक नाही. त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"आन् तुझं पाकीट?" त्यांनी विचारलं. "तू तरी फोडलंस का?"

"मी कशी फोडीन? भंडारा उचलला हुता."

मालक माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या पोटातून कसलासा आवाज आला. आधी वाटलं रडतात की काय. ते हसत होते. हसता हसता ठसका लागला, जुडी हातातून पडली, त्यांनी दाराची चौकट धरली. मला हसू येत नव्हतं. घरात दोन मतं होती, दोन्ही हिच्यासाठी होती, आणि दोन्ही मी घालवली होती, एक शपथ पाळून आणि एक तोंड मिटून. मी पदर डोळ्यांना लावला आणि ज्या पोरीचं मत मी मातीत घातलं तिच्याचपुढे रडायला लागले.

मिरेलाने नळाखाली हात धुतले, मालकांना पाणी दिलं, मला पाणी दिलं. रागावली होती, ते तिच्या जबड्यावरून दिसत होतं. मला वाटलं, आता ॲप्रन काढेल, खुंटीला लावेल आणि जाईल. माझी हिंमत नव्हती थांब म्हणायची.

ती पोळपाटापाशी गेली. पिठाचा गोळा घेतला, दाबला, आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तुम्ही दोघं नवराबायको. एका घरात राहता. एकमेकाला आधी विचारता येत न्हाई व्हय?"

मालकांनी जुडी उचलली आणि माझ्या शेजारी बसून निवडायला लागले.

थोड्या वेळाने मी विचारलं, "मालक, किसनला काय सांगितलंत?"

"आजून न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "काय सांगू?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला फुलीची जागा सोडून दुसरं काही विचारलं होतं, आणि मला चटकन सांगता येईना.